अंटार्क्टिकाच्या जहाजप्रवासाचं सामान: आधी पाण्याचा विचार, मग थंडीचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जानेवारीत तुम्ही, पत्नी आणि ६७ वर्षांच्या आई असे तिघं अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआया बंदरातून निघणाऱ्या अकरा दिवसांच्या अंटार्क्टिका सफरीला जाताय. दुकानदारानं ‘उणे वीस’वाली जॅकेटं दाखवली आहेत. तिघांच्या मिळून सहा मोठ्या बॅगा होताहेत. काय घ्यायचं आणि काय वगळायचं ते ठरत नाहीये, आणि आईंनी हातानं विणलेला स्वेटर आणि शाल न्यावी का, हेही तुम्ही विचारलंय.

आधी जॅकेटची खरेदी थांबवा. प्रवाशांच्या याद्या तपासताना मला सगळ्यात जास्त वेळा दिसतं ते हेच: पैसे जाड जॅकेटवर संपतात, आणि पावसाची पँट आणि हातमोजे यांच्या वाट्याला उरलेसुरले येतात. खरं तर खर्च आणि लक्ष उलट्या क्रमानं जायला हवं.

जानेवारी म्हणजे तिकडचा भर उन्हाळा. ही जहाजं अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर फिरतात, आणि तिथे या दिवसांत पारा साधारण उणे २ ते अधिक ५ अंशांच्या आसपास असतो. लेहच्या हिवाळ्यात तो याच्या कितीतरी खाली जातो. मग माणसं कुडकुडतात कशानं? वाऱ्यानं आणि ओलीनं. शून्य अंशाला ताशी ४० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला सुमारे उणे ७ इतकं गार लागतं. त्यात तुम्ही बसलेले असता झोडियाकच्या, म्हणजे हवा भरलेल्या रबरी बोटीच्या, फुगीर काठावर. समोरून खाऱ्या पाण्याचे फवारे येतात, बसायची जागा ओली असते, आणि उतरताना पाय घोटाभर, कधी पोटरीभर पाण्यात पडतो. अंगाला लागलेला कपडा एकदा भिजला की वरच्या जाड जॅकेटचा फारसा उपयोग राहत नाही. बाहेरून पाणी, बाहेरून वारा आणि आतून घाम, या तिघांना अडवणं एवढाच तुमच्या सामानाचा उद्देश आहे.

काही गोष्टी तुमच्या जहाजावर अवलंबून आहेत, म्हणून खरेदीआधी कंपनीला एक ईमेल टाका. पार्का, म्हणजे बाहेरचं लांब टोपीवालं जॅकेट, मिळतो का? मिळत असेल तर आत उबदार अस्तर आहे की नुसतं वारा-पाणी अडवणारं कवच? गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट उसने मिळतात का, आणि कोणत्या मापापर्यंत? चालायच्या काठ्या मिळतात का? बहुतेक कंपन्या पार्का देतात, कुणी कायमचा, कुणी सफरीपुरता. बूटही बहुतेक ठिकाणी उसनेच मिळतात. ही उत्तरं ‘हो’ आली की तुमच्या सहा बॅगांपैकी दोन तिथेच कमी झाल्या. पार्क्याचं माप कळवताना आत एक फ्लीस, म्हणजे लोकरीसारखं मऊ उबदार जाकीट, मावेल एवढंच मोठं सांगा. ‘असू दे सैल’ म्हणून दोन मापं मोठा घेतला तर खालून वारा शिरतो आणि वरून जीवरक्षक जाकीट नीट आवळता येत नाही.

आता पावसाच्या पँटबद्दल, कारण ही बहुतेक कंपन्या देत नाहीत आणि इथेच फसगत होते. ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेली ट्रेकिंग पँट पुरत नाही. ती भुरभुर सोसते. ओल्या रबरावर अर्धा तास बसलं की बैठकीतून पाणी आत येतं. पूर्ण जलरोधक, शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली, आणि लेबलवर पाण्याचा दाब सोसण्याचा आकडा निदान १०,००० मिलिमीटर असलेली पँट घ्या. आत अस्तर नको, ऊब थर्मलनं येते. पायाशी बाजूला लांब चेन हवी, कारण पँट बुटाच्या बाहेरून खाली यायला हवी. पँट बुटात खोचली की तिच्यावरून ओघळलेलं पाणी सरळ बुटात जातं. किनाऱ्यावरच्या पहिल्याच उतरणीला ही चूक करणारे बरेच जण असतात, आणि भिजलेले मोजे घेऊन दोन तास काढणं त्रासाचं असतं.

मोटरसायकलवर घालायची आपली पीव्हीसीची रेनपँट चालेल का, असं बरेचदा विचारलं जातं. पाणी ती अडवते, त्यामुळे महागड्या पण नुसत्या ‘रेझिस्टंट’ पँटपेक्षा मी तिला वरचा नंबर देईन. पण ती आतला घाम बाहेर जाऊ देत नाही, आणि बोटीत चढताना पाय उंच टाकला की जांघेच्या शिवणीवर फाटते. ती बदली म्हणून बॅगेत ठेवा, पहिली म्हणून नको. पँट कोणतीही असो, घरी तिची परीक्षा घ्या. बैठकीच्या भागाला आतून वर्तमानपत्राची दुहेरी घडी लावा, तो भाग बादलीवर झोळीसारखा धरून वर तांब्याभर पाणी ओता आणि पंधरा मिनिटं थांबा. मग मुठीनं दाबा. कागद ओला झाला तर पँट दुकानात परत द्या. तिघांपैकी कुणाला चांगली पँट मिळालीच नाही तर उशुआयाच्या आवेनिदा सान मार्टिन या मुख्य रस्त्याच्या परिसरात असं सामान भाड्यानं देणारी दुकानं आहेत. फक्त भरल्या मोसमात मापं संपतात, त्यामुळे सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

अंगाला लागून घालायच्या थर्मलचं लेबल वाचा. आपल्याकडे ‘थर्मल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच जोड्यांत सुती धागा असतो. सूत घाम शोषून धरून ठेवतं आणि वाऱ्यात अंगावर बर्फासारखं लागतं. मेरिनो लोकर किंवा पूर्ण पॉलिएस्टर घ्या. माणशी दोन वरचे, दोन खालचे पुरतात: एक अंगावर, एक वाळत. मेरिनो चार दिवस घातलं तरी वास मारत नाही, पॉलिएस्टर दोन दिवसांत धुवावं लागतं, पण केबिनच्या बाथरूममध्ये टांगलं की सकाळपर्यंत सुकतं. त्यावर एक मध्यम जाडीचा फ्लीस आणि एक पातळ. जीन्स खालच्या थरात कधीही नको.

घाम येतो तो बोटीत नाही, जहाजातच. आतलं तापमान २० अंशांच्या वर असतं, तुमच्या गटाला बोलावेपर्यंत रांगेत थांबावं लागतं, आणि माणसं उत्साहानं अर्धा तास आधी सगळं चढवून बसतात. पाठ ओली होते आणि बाहेर पडताच तीच ओल गार पडते. म्हणून क्रम पाळा. केबिनमध्ये थर्मल, मोजे आणि पावसाची पँट. मग बाथरूमला जाऊन या, कारण किनाऱ्यावर शौचालय नसतं आणि उतरल्यावर दोनेक तास जाऊ शकतात. आईंसाठी हे विशेष लक्षात ठेवा, कारण चार थर आणि खांद्यावरून पट्टे जाणारी पँट असेल तर ते सगळं सोडायलाच दहा मिनिटं लागतात. त्यांना कमरेला इलॅस्टिक असलेली पँटच घ्या. बूट चढवताना पँट त्यांच्यावरून खाली ओढायची. पार्का हातात घेऊन निघायचं, गटाचं नाव पुकारल्यावर अंगात घालायचा, वर जीवरक्षक जाकीट, आणि हातमोजे सगळ्यात शेवटी.

हातमोज्यांचे दोन थर करा. आतला पातळ, बोटं हलतील असा, फोटो काढताना अंगावरच राहणारा. बाहेरचा जलरोधक आणि थोडा सैल. पातळ मोजे माणशी दोन जोड, जाडही दोन जोड, कारण एक जोड भिजतोच आणि रात्रभरात वाळेल याची खात्री नसते. बाजारात ‘स्की ग्लव्ह’ म्हणून मिळणारे बरेच मोजे कोरड्या बर्फासाठी बनवलेले असतात, खाऱ्या फवाऱ्यात ते तासाभरात जड होतात. विकत घेतल्यावर एका हातात घालून मूठ पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं बुडवून बघा. मोज्याचं तोंड पार्क्याच्या बाहीच्या आत गेलं पाहिजे, नाहीतर बाहीवरून आलेलं पाणी थेट तळव्यात उतरतं. आईंच्या आणि पत्नीच्या हातात बांगड्या असतील तर त्या दिवसांपुरत्या उतरवून ठेवलेल्या बऱ्या. मनगटाशी मोजा घट्ट बसत नाही, आणि बोटीत चढताना खलाशी तुमचं मनगट धरतो, तुम्ही त्याचं, तेव्हा बांगडी दोघांनाही रुतते. याच पकडीसाठी दोन्ही हात मोकळे लागतात. म्हणून हातात पिशवी, पर्स, कॅमेरा काहीही धरायचं नाही, सगळं पाठीवर.

बुटांबाबत एकच समज काढून टाका. मोजे जास्त म्हणजे ऊब जास्त, असं नसतं. बूट आवळला की रक्त बोटांपर्यंत नीट पोचत नाही आणि पाय लवकर गार पडतात. एक पातळ आणि त्यावर एक जाड लोकरी मोजा घाला, आणि बोटं आत मोकळी हलली पाहिजेत. जहाजावर बूट मापायला जाल तेव्हा हे दोन्ही मोजे घालूनच जा. पायात जोडवी असतील तर दोन मोज्यांखाली तीही टोचतात. माणशी तीन जाड, दोन पातळ जोड बास.

आता ज्या गोष्टीला लोक किरकोळ समजतात आणि जिच्याविषयी मला सगळ्यात जास्त तळमळ आहे, ती म्हणजे सामानाची स्वच्छता. अंटार्क्टिकात फुलं येणाऱ्या स्थानिक वनस्पती फक्त दोन आहेत. द्वीपकल्पाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर पोआ अ‍ॅन्युआ नावाचं परकं गवत माणसांच्या मागोमाग पोचलं आणि रुजलं. म्हणून पहिल्यांदा किनाऱ्यावर उतरण्याआधी जहाजावर प्रत्येकाच्या बाहेरच्या कपड्यांची, बॅगेची, काठीची तपासणी होते, व्हॅक्यूम लावला जातो, आणि दर उतरणीच्या आधी आणि नंतर बूट जंतुनाशकात बुडवून घासावे लागतात. त्यातच ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण जॉर्जिया या बेटावरच्या पक्ष्यांत बर्ड फ्लू सापडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो अंटार्क्टिक द्वीपकल्पातही निघाला. बर्ड फ्लूच्या धास्तीनं किनाऱ्यावर खाली बसणं, गुडघे टेकणं, बॅग जमिनीवर ठेवणं बंद झालंय. पेंग्विनच्या उंचीवरून फोटो घ्यायचा तर वाकून घ्यायचा, आडवं होऊन नाही.

याचा तुमच्या बॅगेशी थेट संबंध आहे. सह्याद्रीत ट्रेकला वापरलेली पँट, गेटर्स (बुटावरून पोटरीला बांधायची आवरणं) किंवा बॅग नेणार असाल तर तिचं व्हेल्क्रो उजेडात धरून बघा. पावसाळ्यानंतरच्या गवताची कुसळं त्या आकड्यांत अशी गुंततात की धुतल्यावरही निघत नाहीत. सेफ्टी पिन किंवा चिमट्यानं एकेक काढावी लागतात. आघाड्याची बोंडं नाडीच्या गाठीत बसतात, गोखरू बुटाच्या खाचेत. मग खिसे उलटे करा. आपल्या जॅकेटच्या खिशात हमखास सापडणारी वस्तू म्हणजे बडीशेप आणि तीळ, जेवणानंतरच्या मुखवासातले. ही सगळी बीच आहे. खिशाच्या तळाची शिवण टूथब्रशनं झाडा, बॅगेचा तळ ओल्या फडक्यानं पुसा, कॅमेऱ्याच्या स्टँडचे पाय धुवा. हे काम निघण्याच्या आठवडाभर आधी, दिवसा, गॅलरीत बसून करा. जहाजावर हलत्या फरशीवर वाकून कुसळं काढायची वेळ येऊ देऊ नका. आणि किनाऱ्यावर खाऊ नेता येत नाही, चिक्कीचा तुकडासुद्धा नाही.

डोळ्यांकडे दुर्लक्ष करू नका. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे ऊन वरूनही येतं आणि खालूनही. पूर्ण अतिनील संरक्षण असलेला, बाजूंनीही डोळा झाकणारा काळा चष्मा घ्या, शिवाय एक स्वस्तातला जादा, कारण वाऱ्यात चष्मा पाण्यात पडला की गेला. चष्म्याला मागून दोरी लावा. आई नंबरचा चष्मा लावत असतील तर त्यावरून घालायचा मोठा गॉगल मिळतो, तो घ्या. सनस्क्रीन ५० एसपीएफचं, आणि ते हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही लावायचं, कारण खालून येणाऱ्या किरणांनी तिथेच कातडी भाजते. ओठांचा बामही एसपीएफ असलेला. जानेवारीत रात्र नावापुरतीच होते, म्हणून झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी ठेवा.

पाठीवरच्या बॅगेत १५ ते २० लिटरची ड्रायबॅग, म्हणजे तोंड गुंडाळून बंद करायची जलरोधक पिशवी, घाला. तिचं तोंड निदान तीन वेळा घट्ट गुंडाळून मग बकल लावायचं. दोन वेळा गुंडाळून ओझं भरलं की फवारा आत जातो. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी आणि फोन पार्क्याच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. परत येताना कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा, आणि केबिनमध्ये तासभर तसाच राहू द्या. नाहीतर गरम दमट हवेनं लेन्सच्या आत धुकं धरतं. पॉवरबँक विमानात हातातल्याच बॅगेत, आणि १०० वॉट-अवरच्या आत, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंत. आपल्याकडचा तीन पिनांचा प्लग अर्जेंटिनात बसत नाही आणि जहाजावर बहुधा युरोपीय दोन गोल पिनांची सोय असते, त्यामुळे एक बहुदेशी अ‍ॅडॅप्टर न्या.

ड्रेक सामुद्रधुनी, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला खवळता समुद्र, ओलांडायला जाताना सुमारे दोन दिवस आणि येताना तितकेच लागतात. तेव्हा उबदार कपड्यांचं काम नसतं, तोल सावरायचं असतं. केबिनमध्ये आणि जिन्यावर चपला किंवा स्लिपर नकोत. रबरी तळाचे, टाच बंद असलेले बूट आईंना आधी महिनाभर घरात घालून सवयीचे करून द्या. उलटीच्या गोळ्या उलटी सुरू झाल्यावर फारशा काम करत नाहीत, त्या आधी घ्यायच्या असतात. आपल्याकडे मिळणारी अ‍ॅव्होमिनसारखी गोळी गुंगी आणते, आणि रक्तदाब, काचबिंदू किंवा इतर औषधं चालू असतील तर चालेलच असं नाही. आईंसाठी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना गोळीचं नाव आणि मात्रा विचारूनच ठरवा, आणि जायच्या आधी एक गोळी घरी घेऊन कशी मानवते ते बघा. रोजची औषधं सफरीच्या दुप्पट दिवसांची, चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. जहाजावर डॉक्टर असतो, पण तुमची नेमकी गोळी त्याच्याकडे असेलच असं धरू नका.

वजनाचं गणित शेवटच्या विमानावरून करा. आंतरराष्ट्रीय तिकिटावर २३ किलो असले तरी ब्युनोस आयरेस ते उशुआया या देशांतर्गत उड्डाणाला बऱ्याच तिकिटांवर १५ किलोच मिळतात. तुमच्या तिकिटावर आकडा बघा आणि सगळं सामान त्यातच बसवा. शिवाय आंतरराष्ट्रीय विमान ब्युनोस आयरेसबाहेरच्या एसेइसा विमानतळावर उतरतं आणि उशुआयाचं बरेचदा शहरातल्या आएरोपार्के विमानतळावरून सुटतं, म्हणजे बॅगा घेऊन शहर पार करावं लागतं, तेही जानेवारीच्या ३० अंशांच्या उकाड्यात. सहा बॅगा तिथेच नकोशा होतील. माणशी एक मध्यम बॅग आणि एक पाठीवरची, एवढंच. चेक-इन बॅग हरवली तर जहाज थांबत नाही. म्हणून एक थर्मल जोडी, पावसाची पँट, हातमोजे, चष्मा आणि औषधं हातातल्या बॅगेतच राहू द्या.

जहाजावरच्या कपड्यांचा विचार फार नको. दोन साध्या पँट, चार टी-शर्ट, एक बरा कुर्ता किंवा शर्ट, आठवड्याची अंतर्वस्त्रं. सूट, साडी, पार्टीचे बूट कुणी घालत नाही. पोहण्याचे कपडे मात्र एक जोडी टाका. बहुतेक जहाजांवर बर्फाच्या पाण्यात उडी मारायचा कार्यक्रम असतो, आणि काहींवर गरम पाण्याचा टबही.

राहिला आईंचा स्वेटर. हातानं विणलेला खऱ्या लोकरीचा असेल तर नक्की न्या. लोकर थोडी ओलावली तरी ऊब सोडत नाही, आणि थर्मल आणि पार्का यांच्यामध्ये तो फ्लीसचं काम चोख करतो. फक्त तो ॲक्रिलिकचा नाही ना हे बघा: आतून एक धागा काढून जाळा. लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची राख चिमटीत चुरगळते, ॲक्रिलिक वितळून काळा टणक गोळा होतो. जोडीला विणीत अडकलेली कुसळं आणि काड्याही काढून टाका. शाल रबरी बोटीत नको, तिची टोकं लोंबतात आणि दोरात अडकतात, तिथे गळ्याला बफ (डोक्यातून घालायची नळीसारखी पट्टी) किंवा विणलेली गळपट्टी बरी. पण लेमेर चॅनल या द्वीपकल्पालगतच्या अरुंद जलमार्गातून जहाज जात असताना, दोन्ही बाजूंना कडे इतके जवळ येतात की माणसं केबिनमध्ये थांबत नाहीत, तासभर डेकवर कठड्याशी उभी राहतात. त्या वेळी आईंच्या खांद्यावर पार्क्याच्या आत ती शाल असू द्या.